बारा जणींची जागा

सोलापूरच्या मुलीला विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात यायचं असेल, तर आज तिला जिल्ह्याची वेस ओलांडावी लागत नाही. आम्हाला ओलांडावी लागायची. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ उभं राहिलं आणि सोलापूरची कॉलेजं त्याला जोडली गेली. मी खेळत होते त्या ऐंशीच्या दशकात विद्यापीठाच्या संघात जागा बाराच, आणि त्यांच्यासाठी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कोकणातल्या मुली ताकद लावायच्या. आधी आपल्या विभागातले सामने, मग कोल्हापूरला निवड चाचणी. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत एसटी पोचेपर्यंत अंगाचा पार चुरा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उंच उडी मारून दाखवायची असायची. दयानंद, संगमेश्वर, वालचंद ही सोलापुरातली मोठी कॉलेजं, पण कोल्हापूरच्या त्या यादीत आपल्या गावची एक-दोन नावं लागली तरी आम्हाला धन्य वाटायचं.

शुक्रवार पेठेतून मैदानावर जायचं म्हणजे हाफ पँटवर सलवार-कमीज चढवायची, बूट पिशवीत घालायचे आणि मान खाली घालून बोळ ओलांडायचा. मैदानावर पोचल्यावर मात्र बोळातली ती मुलगी उरायचीच नाही. जमीन मातीची, रेषा फक्कीच्या, रिंगला जाळी असली तर असली. लग्न होऊन गेलेली जुनी खेळाडू माहेरी आली की मैदानावर चक्कर टाकायची, आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणायचो. ही हाक आमच्यातल्या कानडी घरांतही चालायची आणि तेलुगू घरांतही. पास मागताना कोणी ‘कोडु’ म्हणायची, कोणी ‘इव्वु’, कोणी नुसतं ‘दे’. बाहेरगावच्या संघांना यातलं निम्मं कळायचं नाही, आणि त्याचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला.

खेळही वेगळा होता. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, बास्केट करायला तीस सेकंद. चेंडू मुलांचाच, सात नंबरचा, सहाशे ग्रॅमच्या आसपास. लहान चणीच्या मुलीच्या बोटांत तो मावायचा नाही, म्हणून आम्ही दोन्ही हातांनी छातीपासून ढकलून टाकायचो. १९८४ साली आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा आली. आमच्या मैदानावर ती आखली गेली तेव्हा तिथून रिंगपर्यंत चेंडू नेऊ शकणाऱ्या आमच्यात फारशा नव्हत्याच. पुढे २००० साली दहा-दहा मिनिटांचे चार डाव आणि चोवीस सेकंद आले, आणि २००४ मध्ये बायकांसाठी सहा नंबरचा, थोडा लहान आणि हलका चेंडू. आजच्या मुली एका हाताने, मनगटाच्या झटक्याने लांबून बास्केट करतात ते पाहताना माझा ऊर भरून येतो. जमेची गोष्ट ही, की आता चेंडू त्यांच्या हाताच्या मापाचा आहे.

त्याच २००४ सालच्या १ ऑगस्टला सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, केवळ एका जिल्ह्यासाठी. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखलं जातं. एका जिल्ह्याचं विद्यापीठ कसं चालणार, असं तेव्हा बरेच जण म्हणत. खेळाडू मुलींच्या बाजूने पाहिलं तर याहून मोठी गोष्ट झाली नाही. बाराच्या बारा जागा आपल्या झाल्या. बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोल्याची मुलगी एका दिवसात चाचणी देऊन घरी परतू शकते. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशच्या विद्यापीठांसमोर ती सोलापूरचं नाव छातीवर घेऊन उतरते.

मात्र जागा वाढल्या म्हणून खेळणाऱ्या वाढल्या, असं मला दिसत नाही. आमच्या वेळी जागा कमी आणि मुली पुष्कळ होत्या. आता दहावी आली की क्लास लागतो आणि बूट माळ्यावर जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुण्याच्या शिरीन लिमयेसारखी मराठी मुलगी भारतीय संघात खेळते. २०१७ साली बंगळुरूत आशिया चषकाच्या ब गटात आपला महिला संघ विजेता ठरला, त्यात ती होती. म्हणजे वाट पडलेली आहे. आणि ती जुनीही आहे: बास्केटबॉलचा पहिला आंतरविद्यापीठ महिला सामना १८९६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कली यांच्यात झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत येऊ दिलं नव्हतं. गुणफलक होता २-१. एवढ्या लहान आकड्याचा तो सामना सव्वाशे वर्षांनंतरही लोकांना माहीत आहे, कारण कोणीतरी तो लिहून ठेवला.

आमचं कोणी लिहिलं नाही. शिवाजी विद्यापीठाच्या संघातून खेळून ‘कलर’ मिळवलेल्या सोलापूरच्या मुली आज आज्या झाल्या आहेत. त्यांचे ब्लेझर, प्रमाणपत्रं, संघाचे कृष्णधवल फोटो पेठापेठांतल्या कपाटांत पडून आहेत, आणि फोटोमागची नावं पुसट होत चालली आहेत. तुमच्या घरात असा फोटो असेल तर आईला, मावशीला, आत्याला समोर बसवून त्यातलं एकेक नाव, कॉलेज आणि साल लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत आपल्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे पोचवा. हे काम याच वर्षी करा.