काचेमागचे डोळे

वास्तववादी कादंबरी शिकविताना गेली अनेक वर्षे मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारीत आले आहे : एखादे वर्णन 'हुबेहूब' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते कशाशी ताडून पाहिलेले असते? या प्रश्नाचे जे उत्तर मी वर्गात देत असे ते पुस्तकी होते, हे संगणकाच्या पडद्यावर एक मानवी डोळा काढू लागल्यावर माझ्या ध्यानात आले. चित्रकला हा माझा विषय नव्हे. तेव्हा येथे जे मांडले आहे ते चित्राविषयी कमी आणि 'हुबेहूब' या शब्दाविषयी अधिक आहे.

प्रसंग घरगुती होता. माझे वडील आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यानंतर वर्षश्राद्धासाठी तसबीर करावयाचे ठरले, तेव्हा त्यांचे स्वतंत्र असे एकच छायाचित्र घरात सापडले : सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभातले. त्यात फ्लॅशचा प्रकाश चष्म्यावर पडून दोन्ही काचा पांढऱ्याफटक झाल्या होत्या. कपाळावरच्या आठ्या, ओठ, टोपीची घडी, सारे स्पष्ट. डोळे तेवढे नाहीत. एका स्टुडिओने छायाचित्र मोठे करून दिले आणि, न विचारता, काचांमागे डोळेही बसवून दिले. डोळे रेखीव होते, कोणत्याही चेहऱ्यावर शोभले असते. आईने तसबीर हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हे तुह्या बाबाचे डोये नाही, बाई." तसबीर कपाटात गेली.

वर्ध्यात राहणाऱ्या माणसाला डोळ्यांवाचूनचा चष्मा अपरिचित नाही. स्वच्छ भारत अभियानाचे २०१४ मध्ये स्वीकारलेले बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलेले आहे. गांधीजींचा गोल चष्मा, एका काचेवर 'स्वच्छ', दुसरीवर 'भारत'. भिंतींवर, शाळांवर आणि २०१६ पासूनच्या नोटांवरही तो आहे. चेहरा नाही, डोळे नाहीत, आणि तरीही ओळख पटते. चिन्हमीमांसेच्या दृष्टीने हे चोख उदाहरण आहे. वर्गात मी ते वापरतेही. सेवाग्राम आश्रमातला गांधीजींचा खराखुरा चष्मा चोरीला गेल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर तीन वर्षांनी त्याची आकृती देशभर झाली. वस्तू नाहीशी झाली तरी चिन्हाचे काही अडत नाही. पण चिन्हाला जे परवडते ते तसबिरीला परवडत नाही. माझ्या वडिलांच्या चष्म्यावरून त्यांना ओळखणारे जगात चार-दोनच लोक, आणि त्यांतल्या एका व्यक्तीने निकाल दिलेला होता.

म्हणून मी स्वतःच ते डोळे काढावयाचे ठरविले. महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्याने त्याचा टॅब्लेट आणि दाब ओळखणारी लेखणी दिली, 'क्रिटा' नावाचे मुक्त सॉफ्टवेअर दाखविले आणि एकेक घटक वेगळ्या थरावर काढावयास शिकविले. पहिला धडा असा की डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. तो शुभ्र रंगविला की डोळा चिनीमातीचा दिसतो. करडा, किंचित गुलाबी रंग घ्यावा लागतो आणि नेत्रगोल गोल असल्यामुळे कडांकडे तो गडद करावा लागतो. दुसरा धडा : वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते. त्या सावलीसाठी निराळा थर घेऊन तो 'मल्टिप्लाय' पद्धतीने खालच्या रंगात मिसळावयाचा. ही सावली नसेल तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. खालच्या पापणीच्या काठावर ओलाव्याची एक बारीक चकाकती रेघ असते. पापणीचे केस मुळाशी जाड आणि टोकाशी निमुळते, म्हणून लेखणीचा दाब शेवटी सोडून द्यावयाचा. हे सगळे दोन महिन्यांत जमू लागले. आणि तरीही डोळा मेलेलाच राहिला.

त्याला जिवंत करणारी गोष्ट डोळ्याची नव्हतीच. बाहुलीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवताक्षणी तो डोळा पाहू लागला. हा ठिपका म्हणजे समोरच्या प्रकाशाचे प्रतिबिंब. ड्यूररच्या १५०० सालच्या आत्मचित्रात बुबुळात खिडकीची चौकट दिसते, ती याच जातीची. रोलां बार्त यांनी १९६८ च्या निबंधात फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाविषयी जे म्हटले आहे ते येथे आठवते : कथानकाला काही कामाचा नसलेला तपशील 'हे वास्तव आहे' एवढेच सांगतो. पण डोळ्यातला ठिपका त्याहून अधिक काही सांगतो. तो पाहणाऱ्याच्या समोर काय होते ते सांगतो.

आपल्या भाषेला हे पूर्वीच ठाऊक असावे. डोळ्याच्या मध्यातील काळ्या वर्तुळाला मराठीत 'बाहुली' म्हणतात. संस्कृतातील 'कनीनिका' या शब्दात लहान मुलगी आहे. लॅटिनमधील 'प्युपिला' म्हणजेही लहानशी बाहुलीच. कारण एकच : दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिले की तेथे आपलीच चिमुकली आकृती दिसते. म्हणजे डोळ्याच्या या भागाचे नाव डोळ्याच्या धन्यावरून पडलेले नाही, समोर उभ्या असलेल्या माणसावरून पडलेले आहे. त्या छायाचित्रात वडिलांचे डोळे पुसून टाकणारा प्रकाश हाही समोरच्याचाच होता. फक्त त्यात कोणी माणूस मावला नव्हता.

पहिला पूर्ण झालेला डोळा आईला दाखविला तेव्हा ती म्हणाली, "हे कोन्या पोट्ट्याचे डोये आहे." तिचे बरोबर होते. बुबुळाच्या कडेला गडद वलय काढावे असे मी शिकले होते. ते वलय तारुण्यात ठळक असते, वयाबरोबर फिके होते; उलट वृद्धांच्या बुबुळाच्या परिघावर करड्या रंगाचे कडे येते. मी अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला विशीतले डोळे दिले होते. स्टुडिओचा दोष तो माझाही दोष : दोघांनीही 'डोळा' काढला होता.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात डोळ्यांचे आकार सांगितले आहेत : योगस्थाचा धनुष्यासारखा, निर्विकाराचा नीलकमळाच्या पाकळीसारखा, भ्यालेल्या व रडणाऱ्याचा पद्मपत्रासारखा. येथे आकार व्यक्तीचा नसून भावाचा आहे. आपण याला संकेत म्हणून बाजूला ठेवतो आणि वास्तववाद संकेतमुक्त आहे असे समजतो. गडद वलय, ठरावीक जागी चकाकता ठिपका, हे संकेत नव्हेत तर काय? रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे दोन ध्रुव मानले आहेत. आईचा निकाल सर्वस्वी लौकिक होता : चित्र कसे आहे हा तिचा प्रश्नच नव्हता, कोणाचे आहे हा होता. वर्गात मी या प्रश्नाला प्राथमिक मानीत आले. आता तसे मानण्याचे धैर्य होत नाही.

वलय पुसून करडे कडे काढले, वरची पापणी थोडी उतरविली, ठिपका लहान केला. मग आईने विचारले, "हे कोनाकडे पाह्यते?" या प्रश्नाने मी अडले. सभागृहातल्या छायाचित्रकाराकडे, असे उत्तर खरे होते आणि निरुपयोगी होते. वडील सायंकाळी ओसरीवर बसत, समोर फाटकाची चौकट. मी महाविद्यालयातून येत असे तेव्हा त्यांची दृष्टी तेथे असे. त्यांच्या डोळ्यांत फाटक काढावे असा मोह झाला. ते करणे माझ्या हाती होते. पण त्या चौकटीत मी स्वतःलाच उभी करणार होते, आणि तसबीर आईच्या खोलीत लागणार होती.

शेवटी मी फ्लॅशचा पांढरा थर परत आणला, त्याची पारदर्शकता वाढविली आणि तो डोळ्यांवर ठेवला. काच दिसते, मागे डोळे आहेत एवढे कळते, ठिपका त्या उजेडात विरून गेला आहे. 'कॅमेरा लुसिडा'त (१९८०) बार्त आईच्या ज्या छायाचित्राविषयी इतके लिहितात ते छापीत नाहीत. इतरांना ते एक सामान्य छायाचित्र वाटेल म्हणून. या लेखासोबत मीही चित्र दिलेले नाही.

तसबीर भिंतीवर आहे. हे वडिलांचेच डोळे आहेत असे आई म्हणालेली नाही. नाहीत असेही पुन्हा म्हणालेली नाही. सकाळी हार घालताना ती पदराने काच पुसते, आणि मग जरा बाजूला सरकून, उजेड चुकवून, आत पाहते.