कपाटं ओलांडून

ग्रंथालयातल्या डेसिमल वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ या क्रमांकाखाली लागते, आणि अनुवाद मूळ भाषेच्या घरात जातो. त्यामुळे जी. ए. कुलकर्णींचा ‘काजळमाया’ एका कपाटात, तर त्यांनीच मराठीत आणलेली कॉनरॅड रिश्टरची कादंबरी ‘रान’ पार दुसऱ्या टोकाला, अमेरिकन साहित्याच्या ८१३मध्ये. माटुंग्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. हा नियम मी पाळला, नव्या मुलांना शिकवलाही. नियम चोख आहे. पण लेखकावर जीव जडला की वाचणारा कपाटांचा क्रम मानत नाही, हेही मी रोज पाहिलं.

माझ्यापुरतं ते जी.एं.पासून सुरू झालं. ‘काजळमाया’ १९७२चा. माझी प्रत किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. पुठ्ठा सुटलेला, आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा ओढलेल्या. त्या अनोळखी माणसाच्या खुणांपाशी मीही थबकत गेले. अठराव्या वर्षी जी.ए. वाचले की चार दिवस कुणाशी धड बोलवत नाही. मग ‘निळा सावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’. सगळं संपल्यावर, केवळ जी.एं.चं नाव आहे म्हणून, ‘रान’ उचललं. ओहायोच्या जंगलात, जिथे झाडीतून ऊन खाली उतरत नाही, तिथे एक कुटुंब वस्ती करतं. धारवाडच्या या माणसाला त्यात काय दिसलं असेल? मला वाटतं, जी.एं.च्या स्वतःच्या कथांतली माणसं नियतीपुढे जशी उभी असतात, तशीच ही जंगलापुढे उभी आहेत. फक्त ही माणसं झाडं तोडतात, जमीन कसतात, तगतात. आपल्या कथांत क्वचितच येणारा हा धीर जी.एं.नी रिश्टरकडून आणून आपल्या हाती ठेवला. आवडता लेखक मी त्याला म्हणते, जो आपल्याला असा दुसऱ्याच्या स्वाधीन करतो.

दुर्गाबाई भागवतांनी तेच केलं. ‘ऋतुचक्र’मुळे फाइव्ह गार्डन्सच्या झाडांची पानगळ नीट बघायला शिकले, आणि त्यांच्याच ‘वॉल्डनकाठी विचारविहार’मधून थोरो भेटला.

बाबूराव बागूल मात्र तिशी उलटल्यावर आले. नाशिकजवळच्या विहितगावचा हा मुलगा लहानपणी मुंबईत आला आणि वाढला माटुंगा लेबर कॅम्पात, म्हणजे आमच्या कॉलेजपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३मध्ये आलं, ‘कोसला’ आली त्याच वर्षी. पण माटुंगा म्हटलं की लोक इडली, फुलबाजार आणि सर्कलची बागच सांगतात. बागुलांचं वाक्य धापा टाकत येतं. एकामागून एक विशेषणं, श्वास घ्यायला जागा नाही. जी.एं.च्या घडीव गद्यावर पोसलेल्या मला ते सुरुवातीला जड गेलं. तिसऱ्या-चौथ्या कथेशी समजलं, की ज्या खोलीत दहा माणसं झोपतात तिथलं वाक्य असंच दाटीवाटीचं असणार. त्यानंतर ‘मरण स्वस्त होत आहे’ मी एका बैठकीत वाचलं. बागुलांनी पुढे पाठवलं अण्णाभाऊ साठ्यांकडे, जे काही काळ त्याच कॅम्पात राहिले होते; आणि अण्णाभाऊंनी गॉर्कीकडे. गॉर्की ८९१.७३मध्ये, खिडकीखालच्या रांगेत. लेबर कॅम्प ते रशिया हा रस्ता वर्गीकरणाच्या कुठल्याही तक्त्यात नाही.

हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर तो रस्ता मला दिसायचा. एका पुस्तकावर दिसलेला सभासद क्रमांक दोन आठवड्यांनी भलत्याच कपाटातल्या पुस्तकावर उमटायचा, आणि दोन्हींतला धागा कळला की मला मनापासून आनंद व्हायचा. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. संगणकावर आता क्रमांक टाकला की पुस्तक क्षणात सापडतं. हवं ते पुस्तक ठाऊक असलेल्याची त्याने उत्तम सोय झाली. ‘बागूल संपले, आता काय वाचू?’ असं विचारणाऱ्या मुलासाठी मात्र काउंटरवर ते सगळं वाचलेलं माणूस लागतं. कॉलेजं ग्रंथपालाच्या जागा भरत नाहीत, तेव्हा मला राग येतो तो याचा.

मला तसं विचारणाऱ्या मुलाला मी ‘फकिरा’ दिली. आठवड्याने तो ती परत घेऊन आला आणि तिथेच उभं राहून विचारलं, ‘मॅडम, अण्णाभाऊ कोणाला वाचायचे?’