कुत्र्याआधी आपला दिवस पाहा

कुत्र्याच्या ट्रेनिंगसाठी मला फोन करणारे लोक आधी त्याची जात सांगतात. लॅब्रॅडोर आहे, बीगल आहे, रस्त्यावरून आणलेलं इंडी आहे. किती दिवसांत शिकेल? मी उलट विचारतो, सकाळी घरातून किती वाजता निघता? दुपारी घरी कोण असतं? फिरवायला कोण नेतं? माणूस जरा वैतागतो. पण कोणतं ट्रेनिंग घ्यायचं, हे या उत्तरांवरच ठरतं.

ढोबळमानाने वाटा तीन. ट्रेनर घरी बोलवायचा, मैदानावरच्या वर्गाला जायचं, किंवा कुत्रा काही आठवडे ट्रेनरकडेच ठेवायचा. ज्यांना वेळ नाही त्यांना तिसरी वाट भावते. कुत्रा तिथे शिकतो, यात खोटं नाही. मात्र तो जागेशी आणि माणसाशी जोडून शिकतो. ट्रेनरच्या अंगणात ‘बस’ म्हटल्यावर बसणारा कुत्रा सोसायटीच्या लिफ्टपाशी, शेजारणीच्या पिशवीत मासळी असताना, बसेलच असं नाही. तिथे ते पुन्हा शिकवावं लागतं, आणि तुम्हालाच. म्हणून कुत्रा परत आल्यावर ट्रेनर तुमच्या घरी येऊन तुमच्याकडून सराव करून घेणार असेल, तरच ही वाट धरा. ठेवण्याआधी जागा स्वतः बघा.

घर भरलेलं असेल तर ट्रेनर घरी बोलवावा. आजी जेवताना पोळीचा तुकडा टाकते, नातू सोफ्यावर घेतो, बाबा त्याच सोफ्यावरून हाकलतात. अशा कुत्र्याला सगळे हट्टी म्हणतात. खरं तर घरातला नियम कोणता, हेच त्याला कळलेलं नसतं. कुत्रा फिरवायला पगारी मुलगा असेल तर त्यालाही शिकवणीला बसवा. रोज पट्टा त्याच्याच हातात असतो.

रविवार मोकळा असेल आणि कुत्रा मोकळ्या स्वभावाचा असेल, तर मैदानावरचा वर्ग उत्तम. इतर कुत्रे आसपास असताना मालकाकडे लक्ष देणं तिथेच जमतं. घाबरणाऱ्या किंवा अंगावर जाणाऱ्या कुत्र्याला मात्र थेट त्या गर्दीत नेऊ नका. आधी त्याला एकट्याला शिकवावं.

पिल्लू असेल तर सहा महिन्यांचं होण्याची वाट पाहू नका. जगाची ओळख मनावर ठसण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. लसीकरण पुरं व्हायचं असलं तरी कडेवर घेऊन रिक्षा, भाजीबाजार, लांबून ढोल-ताशा दाखवता, ऐकवता येतो.

कोणतीही वाट धरा, ट्रेनरला एक प्रश्न जरूर विचारा: कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? उत्तरात काट्यांचा किंवा विजेचा पट्टा आला, तर तिथूनच परत फिरा. वेल्समध्ये विजेच्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये बक्षीस देऊन शिकवण्याचीच शिफारस केली. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा पुरतो.

सराव एका वेळी पाच मिनिटांचा, पण रोजचा हवा: जेवणाचं भांडं ठेवण्याआधी, दार उघडताना, लिफ्टची वाट पाहताना. दमून आलेल्या संध्याकाळीही ज्या वाटेचा सराव तुमच्याकडून होईल, तीच वाट तुमची. आणि तेवढीही पाच मिनिटं निघणार नसतील, तर कुत्रा आणायचा बेतच पुढे ढकला.