नऊ लिटर आणि एक छागल

पाणी किती न्यायचं हे गणित मी जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर बसून वहीत सोडवलं होतं. तासाला पाऊण लिटर, रस्त्यावर आठ तास, म्हणजे सहा. वर जिवाला घोर नको म्हणून तीन. एकूण नऊ. डिसेंबरात मित्रांबरोबर जैसलमेरहून रामगढमार्गे तनोटपर्यंत सायकलने जायचा बेत होता आणि त्या वाळवंटात गावं विरळ. त्याची रंगीत तालीम म्हणून एप्रिलात तीन दिवस आपल्याच खान्देशात काढायचे ठरवले: पहिल्या दिवशी धुळे, मग शिरपूर, मग चोपड्यावरून घरी. सायकल घेऊन मला जेमतेम चार महिने झाले होते.

नऊ लिटर म्हणजे नऊ किलो, हे शाळेत शिकलोय. पण दीड लिटर फ्रेमच्या दोन बाटल्यांत आणि साडेसात लिटरची कॅन मागच्या कॅरियरवर रबरी पट्ट्यांनी आवळली, की पुढचं चाक भुईवर टेकल्यासारखं वाटतच नाही, हे बांभोरीला गिरणेच्या पुलावर कळलं. शेजारून ट्रक गेला आणि हँडल हातातून निसटायला लागलं. कॅन थोडी रिकामी झाल्यावर तर आणखी पंचाईत. आतलं पाणी डचमळायचं आणि मी त्याच्या मर्जीने डावीउजवीकडे.

सहाला निघतो म्हणता म्हणता साडेसात वाजले होते, त्यामुळे एरंडोल मागे पडलं तेव्हाच ऊन डोक्यावर आलं होतं. बाटली तोंडाला लावली. चहाचं आधण! एक घोट घेतला, बूच लावलं. पुढे दर दहा मिनिटांनी तेच. सहा लिटर पाणी पाठीशी घेऊन मी तहानलेला चाललो होतो, कारण ते घशाखाली उतरतच नव्हतं. माझ्या वहीतल्या गणितात पाण्याचं तापमान कुठेच नव्हतं.

पारोळ्याच्या अलीकडे डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. लिंबाखाली बैलगाडी सोडून एक बाबा बसले होते, तिथे सायकल आडवी टाकली.

“कथा चालना भाऊ?”

“धुळ्याला.”

“या ऊनमा?” असं म्हणून त्यांनी गाडीच्या दांडीला लटकवलेली छागल काढली. जाड कापडाची पिशवी, बाहेरून ओलीचिंब, तळाला थेंब लोंबणारा. पाणी गार! माठातल्यासारखं. मी माझी कॅन दाखवली. बाबांनी तिला बोट लावलं, झटकन मागे घेतलं आणि पोट धरून हसले. मग हातावर भाकरी ठेवली आणि कांदा फोडून त्यावर मीठ टाकून दिला. तो मी भाकरीच्या आधी संपवला.

त्यातलं मीठ मला हवं होतं, हे नंतर समजलं. घामाबरोबर क्षार जातात आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. मीठ-साखरेची जोडी आतड्यातून पाणी आत ओढून नेते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना वाचवलं ते याच जोरावर. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आता या मिश्रणाची पुडी माझ्या खिशात असते.

धुळ्यात छागल शोधायला चार दुकानं पालथी घातली. शेवटच्याने वरच्या फळीवरून धूळ झटकून काढून दिली आणि बजावलं, “रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर गळेल.” धागे फुगले की वीण घट्ट होते, मग पाणी फक्त पाझरतं. पाझरलेलं वाऱ्याने उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी हवी. कोकणात ही पिशवी नुसती ओली राहील.

दुसऱ्या दिवशी चारच लिटर घेतले. दोन छागलीत, हँडलला. बाकी पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना, खाली. आग्रा रोडवर ढाब्यांची वानवा नाही, तिथे भरत गेलो. दुपारी छागल हलकी लागली. पाव लिटर तरी वाऱ्याने प्यायलं होतं, पण उरलेलं मी आनंदाने प्यायलो. शिरपूर तालुक्यात एका खोल केलेल्या नाल्यात भर एप्रिलात पाणी दिसलं. नाले खोल करून पाणी साठवण्याच्या सुरेश खानापूरकरांच्या ‘शिरपूर पॅटर्न’बद्दल वाचलं होतं, तिथे बसून पाय बुडवले.

वहीत आता एक रकाना वाढलाय: वाऱ्याचा वाटा. जैसलमेरला डिसेंबरात तो कमी असेल, तिथे दोन गावांमधलं अंतर मोजावं लागेल. तोवर छागल घरी खिडकीला टांगलीय. फ्रिज आहे, पण वडील तिच्यातलंच पाणी पितात.