तबल्याएवढा तबला

रात्री साडेदहानंतर आमच्याकडे स्पीकर लावायची सोय नाही. भिंती पातळ, शेजारी सज्जन, आणि मुलगी अभ्यासाला बसलेली असते, निदान तसं सांगते. त्यामुळे प्रूफं तपासायला बसलो की मी कानांवर हेडफोन चढवतो. हेडफोन चांगला आहे, स्वच्छ वाजतो, कुठे दाबत नाही. तरीही तासाभरात डोकं जड व्हायचं. बायको म्हणायची, "आवाज कमी ठेव की." कमी ठेवूनही काही फरक पडत नसे.

मग लक्षात आलं, की हा त्रास सगळ्याच गाण्यांनी होत नाही. आकाशवाणीवरची जुनी ध्वनिमुद्रणं, तबकड्यांवरून उतरवून घेतलेली नाट्यपदं रात्रभर ऐकली तरी डोकं शाबूत. ती सगळी मोनो, दोन्ही कानांत एकच आवाज. छळायची ती नवी, उत्तम माइकवर घेतलेली स्टिरिओ ध्वनिमुद्रणं. त्यातही ख्याल. विलंबितात दोन तंबोरे दोन कानांना खिळलेले, पेटी पार एका कडेला, डग्गा पूर्ण डाव्या कानात आणि तबला पूर्ण उजव्या. तबलजी एक हात आमच्या घरात आणि दुसरा शेजारच्यांकडे ठेवून वाजवतोय, असं वाटावं. गवई मधोमध, म्हणजे थेट माझ्या कवटीत.

हेच ध्वनिमुद्रण रविवारी सकाळी स्पीकरवर लावलं की सगळे आपापल्या जागी शहाण्यासारखे बसत. तेव्हा एका रविवारी मी उजव्या स्पीकरची वायर काढली, डाव्यावर मराठी बातम्या लावल्या आणि डाव्या कानात बोट घालून बसलो. बायकोने समोर चहा ठेवला, काही विचारलं नाही. उजव्या कानाला डावा स्पीकर चांगलाच ऐकू येत होता. फक्त स, श, च यांची धार गेली होती. आ, ओ आणि निवेदकाचा खर्ज मात्र जवळजवळ जसाच्या तसा.

कारण मध्ये डोकं येतं. खर्जाच्या लाटा लांब असतात. ७०० हर्ट्झची लाट घेतली तर ती साधारण अर्धा मीटर भरते. वीतभरही रुंद नसलेल्या डोक्याला ती सहज वळसा घालते. वरच्या आवाजांच्या लाटा आखूड, त्या डोक्याशी अडतात. शिवाय पलीकडच्या कानापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. स्पीकर समोरून ३० अंश बाजूला असेल तर हा उशीर साधारण पाव मिलिसेकंद. एवढ्याशा उशिरावरून आणि धारेतल्या फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ठरवतो. हेडफोनवर यातलं काहीच घडत नाही. डावं ते फक्त डाव्याला. डग्गा एका कानात दणकतोय आणि दुसऱ्यात चिडीचूप, असं खोलीत, अंगणात, देवळात कुठेही होत नाही. एकाच कानाशी येऊन गाणारा डास तेवढा आहे, आणि त्यालाही आपण हाकलतोच.

हे सगळं बेंजामिन बावर या अमेरिकी अभियंत्याने १९६१ सालीच मांडून ठेवलं होतं. शुअर कंपनीचा १९३९ सालचा प्रसिद्ध युनिडाइन माइक त्याचाच. जॉन कॉसचा स्टिरिओ हेडफोन बाजारात येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती, आणि याने त्यावरचा उपाय सांगूनही टाकला: डाव्या बाजूचा थोडा आवाज, तीक्ष्ण भाग गाळून आणि किंचित उशिराने, उजव्या कानात सोडायचा, उजव्याचा डाव्यात. याला क्रॉसफीड म्हणतात. १९७१मध्ये झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी त्याचं घरी जोडता येईल असं सर्किटही प्रसिद्ध केलं. स्पीकरच्या क्रॉसओव्हरला ज्यांचं नाव आहे तेच हे लिंकविट्झ.

मी सोल्डरिंगच्या वाटेला जात नाही. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यावर इझीइफेक्ट्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालतं आणि त्यात क्रॉसफीडचा कप्पा आहे. आतला हिशोब बोरिस मिखाइलोव यांनी बावरच्या तत्त्वावर लिहिलेला. विंडोजवाल्यांना फूबार२०००साठी हेच प्लगिन मिळतं. ठरवायचे आकडे दोनच: कुठपर्यंतचा आवाज पलीकडे सोडायचा आणि किती सोडायचा. तयार मांडण्या तीन. मूळची ७०० हर्ट्झ आणि ४.५ डेसिबल, चू मॉय यांच्या नावाची ७०० आणि ६, यान मायर यांच्या नावाची ६५० आणि ९.५. यात डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकी मिसळ कमी. थेट आवाज आणि पलीकडून आलेला आवाज यांत किती अंतर ठेवायचं, ते हा आकडा सांगतो. उलटा कारभार आहे, पण एकदा कळला की चुकत नाही.

मूळची मांडणी लावली आणि पहिल्यांदा मला काहीच आवडलं नाही. गाणं आक्रसल्यासारखं झालं. ती डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतची ऐसपैस भव्यता गेली, गळाही किंचित जाड वाटला. पण बंद करायचा कंटाळा आला आणि प्रूफं तपासत राहिलो. एक अख्खा राग संपला, दुसरा सुरू झाला, तरी हेडफोन काढून कान चोळावेत असं वाटलं नाही. मग क्रॉसफीड बंद केलं, आणि दोन्ही कान दोन बाजूंना कुणीतरी ओढल्यासारखे झाले. क्रॉसफीडचा खरा फरक कळला तो असा, ते काढल्यावर. पुढच्या तुलनांआधी चालू आणि बंद दोन्हींची आवाजाची पातळी जुळवून घेतली, कारण जे किंचित मोठं वाजतं तेच आपल्याला चांगलं वाटतं.

माझा एक जुना मित्र तबला शिकवतो. त्याला हेडफोन देऊन एक द्रुत तीनताल ऐकवला, आधी क्रॉसफीडशिवाय. तो म्हणाला, "अरे, हा तबला कुणाच्या कानांनी घेतलाय? डग्गा डावीकडे म्हणजे वाजवणाऱ्याच्या. आपण तर समोर बसलोय ना?" याचा मी कधी विचारच केला नव्हता. बाजू काही क्रॉसफीडने बदलत नाहीत, डग्गा डावीकडेच राहतो. पण चालू केल्यावर दोन टोकांना गेलेली ती जोडी जवळ आली, घिस्सा आणि चाट एकाच माणसाच्या हातून निघायला लागली. मित्राने डोळे मिटून एक चक्रदार पुरा होऊ दिला आणि म्हणाला, "आत्ता तबला तबल्याएवढा झाला."

मुलीचं मत वेगळं. तिच्या आवडीची गाणी तिने लावून बघितली आणि दोन मिनिटांत हेडफोन परत केला. "बाबा, तू सगळ्यांना मधे गोळा केलंयस. तो आवाज कानामागून फिरतो ना, तीच तर मजा आहे." तिचं चूक नाही. आजची कितीतरी गाणी ती ऐकते तशीच, म्हणजे कानात बोळे घालूनच ऐकली जाणार हे धरून मिसळलेली असतात. तिथे माझी लुडबुड नकोच. खोट्या डोक्याच्या कानांत माइक बसवून केलेल्या ध्वनिमुद्रणांनाही क्रॉसफीड लावू नये. त्यांत डोक्याचा वळसा आधीच टिपलेला असतो, तो दुसऱ्यांदा घालायला गेलो तर सगळाच चिखल होतो.

एक जमात मात्र मला पटत नाही. मूळ सिग्नलला हात लावणं म्हणजे पाप, असं मानणारी. कुठला मूळ सिग्नल? ही मंडळी ज्या जुन्या स्टिरिओ तबकड्यांना पुजतात, त्या स्टुडिओत दोन स्पीकरसमोर बसून मिसळल्या गेल्या. डावीकडचं थोडं उजव्या कानात झिरपणार, हे तिथे गृहीतच होतं. बीटल्सचा पहिला अल्बम घ्या. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यातली दहा गाणी लंडनच्या अ‍ॅबी रोडवर मुद्रित झाली. टेपवर ट्रॅक दोनच: एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. नंतर दोन्ही नीट तोलून मोनो करायचं, हा हेतू. स्टिरिओ आवृत्ती काढताना तेच दोन ट्रॅक डावी-उजवीकडे ठेवले गेले. हेडफोनवर ऐकलं तर गिटार आणि ड्रम एका कानात, गाणारे दुसऱ्यात, मध्ये ओसाड. इथे ४.५ची पूर्ण मात्रा लागते, आणि ती देताना मला जराही पाप लागल्यासारखं वाटत नाही. मोनो आवृत्ती हाताशी असेल तर ती अधिक बरी, ही गोष्ट वेगळी.

क्रॉसफीडने गवई समोर येऊन बसतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कवटीच्या मधून तो फार तर कपाळापर्यंत सरकतो. समोरचं समोर वाटायला कानाच्या पाळीचे घाट लागतात, मान हलवल्यावर आवाजाने जागेवर थांबावं लागतं, आणि हे या साध्या हिशोबात नाही. मोनो ध्वनिमुद्रणाला तर ते जागेवरून हलवतही नाही, कारण दोन्हीकडे आधीच एक असलं तर इकडचं तिकडे करून काय होणार?

आता ख्यालाला मी ९.५ ठेवतो. तंबोऱ्यांचं खिळणं सुटतं आणि जागा बऱ्यापैकी मोकळी राहते. अडचण एकाच तबकडीची. १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये माइल्स डेव्हिस मधोमध आहे, कॅननबॉल अ‍ॅडर्ली उजवीकडे आणि जॉन कोल्ट्रेन डावीकडे. नियमाप्रमाणे इथे क्रॉसफीड हवंच, आणि बाकी वेळ ते असतंही. पण 'सो व्हॉट'मध्ये माइल्सचं वाजवून झालं आणि कोल्ट्रेनने सॅक्सोफोन उचलला, की माझा हात आपोआप लॅपटॉपकडे जातो आणि ते बंद करतो. तो माणूस डाव्या कानाला इतका खेटून वाजवतो, की रीडवरचा श्वाससुद्धा लागतो. तेवढ्यापुरतं डोकं दुखलं तरी माझी हरकत नाही.