शितावरून भाताची परीक्षा?

आम्ही गिरगावात कारकुनी करतो, त्यामुळे हिऱ्याच्या गोष्टी कानावर पडतातच. ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीतला हा व्यापार २०१० नंतर बराचसा वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. पण तिथला पारखी हातात आलेला हिरा पाहतो. जमिनीच्या पोटात हिरा आहे की नाही, हे सांगणारा पारखी वेगळाच.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद 'आईन-ए-अकबरी'त आहे. आजचा भूशास्त्रज्ञ मात्र आरंभी हिरा शोधतच नाही. तो नदीनाल्यांतली वाळू ठिकठिकाणाहून गोळा करतो, चाळतो, धुतो आणि जड कण वेगळे काढतो. त्यात विशिष्ट जातीचे लाल-जांभळे गार्नेट किंवा काळे इल्मेनाइट दिसले, तर किंबरलाइट नावाचा खडक प्रवाहाच्या वरच्या अंगाला असावा, असा तर्क करतो. मध्य प्रदेशात छतरपूर जिल्ह्यातील बंदरचा साठा २००४ साली असाच सापडला.

पण खडक सापडला म्हणजे हिरे मिळाले असे नव्हे. पन्नाच्या मझगवाँ खाणीत १०० टन खडकात साधारण १० कॅरेट, म्हणजे अवघे २ ग्रॅम हिरे असतात. मग पाटीभर खडक फोडून "इथे काही नाही" असे म्हणता येईल काय? म्हणूनच शेकडो टनांचा नमुना काढून तपासावा लागतो.

वाचकहो, एका शितावरून भात कळतो, कारण सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतात. हिऱ्यांचे तसे नाही आणि मुलांचेही नाही.

आमच्या अभ्यासवर्गातली एक मुलगी दहावीला गणितात नापास झाली. वडील म्हणाले, "हिच्या डोक्यात काही नाही. कामाला लावतो."

आम्ही म्हटले, "भाऊ, दोन-दोन तासांचे दोन पेपर म्हणजे एक पाटी खडक. पहाटे पाणी भरून, धाकट्यांना सांभाळून ही वर्षभर अभ्यासाला बसली, तो नमुना कुणी तपासला?"

ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी मुलगी पुरवणी परीक्षेचा फॉर्म घेऊन आली. त्यावर वडिलांची सही होती.

ती पास होईलच, असे आम्ही छातीठोकपणे सांगत नाही. पण तपासणी अजून संपलेली नाही, एवढे नक्की. आपल्या घरात असे मूल असेल, तर फॉर्मची तारीख चुकवू नका.