धुराचा भाता

महाराष्ट्रात पुसेगावे दोन. एक सातारा जिल्ह्यातले, सेवागिरी महाराजांचे. तिथल्या यात्रेत रथ भक्तांनी वाहिलेल्या नोटांनी झाकून जातो, त्यामुळे ते सर्वांना ठाऊक. दुसरे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. या दुसऱ्याचे नाव घेतले, की ऐकणारा मनाने हटकून पहिल्या पुसेगावात जाऊन उतरतो. मी निघालो तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी 'येताना प्रसाद आणा' म्हणून बजावले. आणि मी तिथे इंजिन पाहायला चाललो आहे हे कळल्यावर, मराठीच्या प्राध्यापकांना हल्ली काम उरलेले नाही अशा मुद्रेने ते माझ्याकडे पाहत राहिले.

बोलावणे आले होते एका माजी विद्यार्थ्याचे. हा मुलगा दिवसा माझ्या वर्गात संतवाङ्‌मय ऐकायचा आणि संध्याकाळी पुण्यातल्या एका गॅरेजात हात काळे करायचा. बी.ए. झाला आणि इंजिनांची चाचणी घेणाऱ्या एका कारखान्यात चिकटला. 'सर, शर्यतीच्या गाडीसाठी टर्बोचं इंजिन बांधतोय. गावीच, काकांच्या शेडमध्ये. पाहायला या,' असे त्याने फोनवर सांगितले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या काकांचाही फोन आला. 'सर, अवश्य या. पण येऊन त्या पोराची समजूत घाला.' म्हणजे मला एकाच घरातून दोन आमंत्रणे होती, आणि दोन्हींचा हेतू वेगळा!

रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी गाडीतून उतरलो. स्थानकाच्या पाटीवर आजही 'हिंगोली डेक्कन' असे भारदस्त नाव आहे. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, पुढे परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. मोटारसायकलवर मागे बसून निघालो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापून रचलेले सोयाबीन आणि मधूनच हळदीची रुंद, हिरवीगार पाने. नामदेवांच्या नर्सीला थांबून डोके टेकवले. याच जिल्ह्यात औंढ्याला नागनाथाचे मंदिर आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे बसवले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा सांगतात. जिथे भक्तीने देऊळ फिरते तिथे धुराने चाक फिरले तर नवल कसले, असे मनाशी म्हणत मी पुसेगावात उतरलो.

शेड काकांची. दारात दोन ट्रॅक्टर उघडून ठेवलेले, भिंतीला पाने-पान्हे टांगलेले, आणि कोपऱ्यात एक जुने पाण्याचे इंजिन निवृत्त आजोबांसारखे बसलेले. मराठवाड्याच्या खेड्यात नुसते 'इंजिन' म्हटले, की वर्षानुवर्षे विहिरीवरचे डिझेल इंजिनच डोळ्यांसमोर येई. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना उभा केला. जिथे वीज पोचली नव्हती तिथल्या विहिरींवर अशी इंजिने बसली आणि मोटेचे बैल मोकळे झाले. काका त्याच शाळेत शिकले. स्क्रू-ड्रायव्हरचे पाते इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतली तक्रार ओळखतात. डॉक्टर छातीला नळी लावतो तसे!

पुतण्याचे इंजिन मात्र शेडच्या मध्यभागी लोखंडी घोड्यावर बसवलेले होते. अपघातात चेपलेल्या एका गाडीचे, जेमतेम बाराशे सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे. त्याच्या कुशीला गोगलगायीच्या शंखासारखी एक वस्तू चिकटलेली होती. तोच टर्बो.

"सर, लोहाराचा भाता पाहिलाय ना?" काकांनी विचारले. "कोळसा तोच, पण भाता मारला की आच वाढती. हा इंजिनाचा भाता. फरक इतकाच की हा मारायला माणूस लागत नाही. इंजिनाचा धूरच त्याला फिरवतो."

इतकी सोपी व्याख्या मला पुढे कुठे भेटली नाही. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. इंजिनाची ताकद वाढवायची तर पेट्रोल जास्त ओतणे सोपे आहे. कठीण आहे ते हवा कोंबणे. दुसरीकडे, पेट्रोल जळून जी ऊर्जा निर्माण होते तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा तापलेल्या धुराबरोबर सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये एका दांडीच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. बाहेर पडणारा धूर एकाला फिरवतो, आणि त्याच दांडीवरचा दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. गुऱ्हाळावर उसाचे चिपाड वाळवून त्याच उसाच्या रसाच्या काहिलीखाली जाळतात, तसाच हा हिशेब!

ही युक्ती सुचली आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरला. त्याने पेटंट घेतले १९०५ साली. पण उपकरण मनासारखे चालायला १९२५ उजाडले. त्या वर्षी एका डिझेल इंजिनाची ताकद त्याने चाळीस टक्क्यांहून अधिक वाढवून दाखवली. वीस वर्षे माणूस एका कल्पनेच्या पाठीशी उभा होता! दरम्यान १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक या डोंगरावर नेले आणि विरळ हवेत गेलेली ताकद टर्बोने परत मिळवता येते हे सिद्ध केले. आधी जहाजे, मग विमाने, मग मालमोटारी, अशी ही विद्या हळूहळू रस्त्यावर उतरली.

मोटारीत मात्र ती लवकर रुळली नाही. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची गाडी निघाली. तिला पेट्रोलखेरीज पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. मालक ते भरायला विसरत आणि गाडी रुसून बसे. १९७७ मध्ये रेनोने फॉर्म्युला वन शर्यतीत टर्बोची पिवळी गाडी आणली. ती इतक्यांदा वाफा सोडत थांबली, की इंग्रजांनी तिला 'पिवळी किटली' म्हणायला सुरुवात केली. दोन वर्षांनी, १९७९ साली, तीच कंपनी फ्रान्समधल्या दिजाँ येथे टर्बोच्या गाडीने शर्यत जिंकली आणि चेष्टा थांबली.

"किटली आपलीबी झाली होती की!" काका मध्येच म्हणाले.

पुतण्याने मान खाली घातली आणि फळीवरून एक पिस्टन काढून माझ्या हातावर ठेवला. त्याची कड मेणासारखी वितळलेली होती. मागच्या वर्षीच्या पहिल्या प्रयत्नात त्याने हवेचा दाब एकदम वाढवला होता. हवा दाबली की तापते. तापलेले मिश्रण ठिणगी पडण्याच्या चुकीच्या घटकेला आपसूक भडकते. इंजिन आतून घणाचे घाव घातल्यासारखे ठोकू लागते, आणि काही क्षणांत पिस्टनचे असे होते. दोन वर्षांची पगारातली शिल्लक त्या एका दुपारी गेली. आता दुसरा डाव मांडला होता. ठोकून घडवलेले मजबूत पिस्टन आणायला पुन्हा पैसे लागले होते, आणि काकांच्या मनात त्याच पैशात लेथ घ्यायचे होते. पुतण्याने पुणे सोडावे, गावी यावे, लेथ टाकावे. पंचक्रोशीतल्या ट्रॅक्टरांचे काम घरबसल्या मिळेल. यात चुकीचे काय होते?

"आणि सर," काका म्हणाले, "ही गाडी रस्त्यावर चालवायची परवानगीसुदीक नाही. मग उपेग काय?"

ते खरे होते. कंपनीने नोंदवलेल्या गाडीचे इंजिन मनाला येईल तसे बदलून ती सार्वजनिक रस्त्यावर आणणे कायद्याला मंजूर नाही. चेन्नई-कोइंबतूरकडे बंदिस्त शर्यतपथ आहेत, तिथेच ही गाडी धावायची. काकांनी आणखी एक दाखला दिला, तो तर बिनतोड होता. पुण्याच्या टाटा मोटर्सने २०१७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'रेसमो' नावाची दोन आसनांची क्रीडामोटार मांडली होती. इंजिन आसनांच्या मागे. तेही तीन सिलिंडरांचे, बाराशे सी.सी.चे, टर्बोचे, १९० अश्वशक्तीचे. शंभराचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठेल, असे कंपनीने जाहीर केले होते. पण ती गाडी बाजारात आलीच नाही. "एवढ्या मोठ्या कंपनीनं हात आवरला. हे पोरगं कोण लागून गेलं?"

पुतण्याने शांतपणे उत्तर दिले. "काका, त्याच वर्षी त्याच कंपनीची नेक्सॉन निघाली. तिचंही पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरांचं, बाराशे सी.सी.चं, टर्बोचंच. ते ११० अश्वशक्तीचं. आपल्या गावातबी तशा गाड्या फिरतात. एवढ्याशा इंजिनातून कुठं ११० काढायचे आणि कुठं १९०, आणि ते किती दिवस टिकतील, हे ज्याला कळतं तो माणूस कुठंही उपाशी राहत नाही. मला ते शिकायचंय. गाडी हे निमित्त."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी समजूत घालायला आलो होतो. पण कोणाची, हा प्रश्न होता. ज्या विषयाचा बाजारभाव कोणी विचारत नाही तो विषय मी आयुष्यभर शिकवतो आहे. 'उपयोग काय?' हा प्रश्न मला परका नाही आणि त्याचे तयार उत्तरही माझ्याजवळ नाही. मी एवढेच म्हणालो, "आधी चालू तर करा."

ते चालू होईपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर मी बांधणी पाहत बसलो, आणि हे काम किती सोशिकपणाचे आहे ते कळले. पिस्टनच्या रिंगेच्या दोन टोकांत बारीक फट ठेवतात. टर्बोच्या इंजिनात उष्णता जास्त, रिंग जास्त फुगते, म्हणून ही फट नेहमीपेक्षा किंचित मोठी लागते. ती पातळ पट्ट्यांनी मोजायची, कानशीच्या दोन हातांनी वाढवायची, पुन्हा मोजायची. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोरानेच आवळायचे. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि ऑइलच्या एका पातळ थरावर तरंगत राहते. तिथे धुळीचा कणही चालत नाही. दाबलेली हवा थंड करायला वाटेत जाळी. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर जादा धूर परस्पर बाहेर सोडायला एक दार. पाहता पाहता माझ्या ध्यानात आले, की निम्मी सामग्री ताकद वाढवायला आहे, तर निम्मी तिला आवर घालायला.

मग 'ट्यूनिंग'. तंबोरा लावतात, तबला लावतात, तसे इंजिनही लावावे लागते. पुतण्याने लॅपटॉप जोडला. पडद्यावर आकड्यांचे कोष्टक उमटले: इतक्या फेऱ्यांना, इतक्या दाबाला, इतके पेट्रोल आणि ठिणगी या क्षणी. एरवी एका भागाला चौदा-पंधरा भाग हवा. पण दाब चढला की बाराच्या आसपास आणायची, म्हणजे जादा पेट्रोल आतली आच थोडी उतरवते. ठिणगीही जरा उशिरा. गेल्या वर्षी त्याने हे सारे एका दमात केले होते. आज तो एक आकडा बदलायचा, ऐकायचा, वहीत लिहायचा आणि मगच पुढच्याकडे जायचा.

इंजिन पहिल्यांदा खोकले, दुसऱ्यांदा धरले. शेडमधली चिमणी उडाली. दारात पोरे जमली. आवाज हळूहळू एकसारखा झाला, आणि त्यातून एक बारीक, उंच शीळ वर चढू लागली. दाब ठरलेल्या खुणेच्या निम्म्यावर आला आणि पुतण्याने तिथेच हात थांबवला.

"वाढव की!" पोरांतले कोणीतरी ओरडले.

"आज नाही," तो म्हणाला. "पुढचं पुण्याला. तिथं यंत्रावर भार देऊन मोजता येतं."

काका पुढे झाले. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, डोळे मिटून, एकेका सिलिंडरापाशी ते बराच वेळ ऐकत राहिले. पहिला, दुसरा, तिसरा. मग टर्बोच्या शंखाशी. पुतण्याचा चेहरा मी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही इतका उतरलेला पाहिलेला नव्हता.

"ठोकत नाही," काका म्हणाले. एवढेच.

पुतण्याने बंद करायला हात नेला तसा काकांनी तो धरला. "थांब. टर्बोची गाडी लगेच बंद करत नाहीत. दम घेऊ दे त्याला." तापलेल्या दांडीभोवतीचे ऑइल एकाएकी थांबले तर तिथेच जळून त्याचा कोळसा होतो, मालमोटारींचे जुने ड्रायव्हर हे पुस्तकाशिवाय जाणतात. इंजिन सावकाश धडधडत राहिले. आम्ही तिघे त्याच्याभोवती उभे होतो. बाहेर गुरे घरी चालली होती.

दोन-तीन मिनिटांनी काकांनी स्वतःच किल्ली फिरवली, हात पुसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लेथ पुढल्या हळदीवर घेऊ. चला सर, चहा घेऊ."